जुन्या मोटारसायकल इंजिनांतील क्रँककेस ब्रीदर

क्रँककेस ब्रीदर : फोर-स्ट्रोक इंजिनाच्या क्रँककेसमधला (पिस्टनखालची, क्रँकशाफ्ट जिच्यात फिरतो ती पेटी) वायू बाहेर काढून देणारी वाट. कुठे ती नुसती नळी असते, कुठे झडप, तर कुठे इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या कॅमशाफ्टबरोबर फिरणारी चकती. टू-स्ट्रोक इंजिनात ती नसते. तिथे ताजे मिश्रण क्रँककेसमध्येच दाबून सिलिंडरकडे पाठवतात, म्हणून तो भाग हवाबंद ठेवावा लागतो.

क्रँककेसमध्ये दाब दोन कारणांनी तयार होतो आणि ती दोन्ही एकच समजल्यामुळे बऱ्याच चुकीच्या दुरुस्त्या होतात. पहिले कारण ब्लो-बाय. ज्वलनाच्या वेळी थोडा वायू पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली निसटतो. त्यात पाण्याची वाफ, न जळलेले पेट्रोल आणि आम्ल बनवणारे घटक असतात. दुसरे कारण पिस्टनची खालची बाजू. वर जाताना पिस्टन खालची जागा वाढवतो, खाली येताना ती घटवतो, म्हणजे खालच्या अंगाने तो पंपच असतो. रॉयल एन्फील्ड बुलेटच्या ७० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ९० मिमी स्ट्रोकच्या (पिस्टनची धाव) इंजिनात हा फरक प्रत्येक फेरीला ३४६ घनसेंमी होतो. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे १७ लिटर जागा उघडते आणि तेवढीच मिटते. धडधाकट इंजिनातला ब्लो-बाय यापुढे किरकोळ असतो.

पंपाचा जोर सिलिंडरांच्या मांडणीवर ठरतो. ट्रायम्फ बॉनव्हिल किंवा यामाहा एक्सएस ६५० यांसारख्या ३६० अंशांच्या क्रँकच्या पॅरलल ट्विनमध्ये (शेजारी-शेजारी दोन सिलिंडरांचे इंजिन) दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर-खाली होतात, म्हणून ६५० घनसेंमीच्या इंजिनात पूर्ण ६५० घनसेंमीचा फरक पडतो. बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर इंजिनाची स्थिती तीच. पिस्टन दिसायला विरुद्ध दिशेचे, पण आत येतात ते बरोबरच. होंडा सीबी ४५० मध्ये क्रँक १८० अंशांचा असल्याने एक पिस्टन वर जाताना दुसरा खाली येतो आणि क्रँककेसची जागा जवळजवळ कायम राहते. ‘जवळजवळ’ एवढ्यासाठी की कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्याने वरच्या अर्ध्या भागात पिस्टनचा वेग थोडा जास्त असतो आणि हिशोब पूर्ण जुळत नाही. इनलाइन चार सिलिंडरांच्या जपानी गाड्यांना साधी जाळीची पेटी पुरली, ती याचमुळे. तेलगळतीसाठी ब्रिटिश ट्विनना नावे ठेवताना त्यांच्या क्रँकचा कोनही विचारात घ्यायला हवा.

नुसते भोक ठेवले तर काय बिघडते? दाब साठत नाही हे खरे, पण प्रत्येक फेरीला हवा बाहेर जाते आणि तितकीच आत येते. बाहेर जाताना ती तेलाचे तुषार नेते, आत येताना धूळ आणि दमट हवा आणते. म्हणून ब्रीदरचे खरे काम वायू बाहेर सोडणे हे नसून बाहेर गेलेली हवा परत आत येऊ न देणे हे आहे. एकाच दिशेने उघडणारी झडप बसवली की पहिल्या काही फेऱ्यांत जादा हवा निघून जाते. त्यानंतर पिस्टन खाली असताना आतला दाब जेमतेम बाहेरच्या हवेइतका होतो आणि वर असताना त्याहून कमी. सरासरीने क्रँककेसमध्ये हलकी निर्वात स्थिती राहते आणि मग झडपेतून जातो तो फक्त ब्लो-बाय. सांध्यांतून तेल बाहेर ढकलले जाण्याऐवजी हवाच किंचित आत ओढली जाते.

ही झडप अनेक रूपांत सापडते. जुन्या ट्रायम्फ आणि नॉर्टन ट्विनमध्ये कॅमशाफ्टच्या टोकाला स्प्रिंगने दाबलेली, भोके पाडलेली चकती असते. पिस्टन उतरताना भोके जुळतात, चढताना मिटतात. हवेला हलायला वेळ लागत असल्याने हे टायमिंग एखाद्याच वेगाला अचूक बसते, बाकी सगळी तडजोड. हार्लेच्या मोठ्या व्ही-ट्विनमध्ये १९३६ च्या नकलहेड इंजिनापासून टायमिंग गिअरांच्या रांगेत फिरता ब्रीदर होता आणि तो तेल परत खेचण्याच्या कामातही हातभार लावी. बीएमडब्ल्यूने स्प्रिंगवरची धातूची चकती वापरली, तिची टकटक मंद गतीत कानाला येते. पुढे तिच्या जागी पातळ पट्टीची रीड झडप आली. बुलेटची रबरी झडप बदकाच्या चोचीसारखी चपटी असते: आतून दाब आला की ओठ उघडतात, नाहीतर मिटलेले. रबर कडक झाले की ते ओठ उघडेच राहतात. झडप कोणतीही असो, ती क्रँककेसजवळ असलेली बरी. ती लांब नळीच्या टोकाला बसवली तर मधली हवाच दाबली-फुगवली जाते आणि झडपेचा उपयोग घटतो.

१९७० च्या सुमारास ट्रायम्फने वेगळी वाट धरली. ड्राइव्हच्या बाजूचे ऑइल सील काढून टाकले, भिंतीला तीन लहान भोके पाडली आणि क्रँककेसचा श्वास प्रायमरी चेनकेसमध्ये (क्रँककडून क्लचकडे जाणाऱ्या साखळीची पेटी) सोडला. तिथल्या मोठ्या जागेत दाबाचे धक्के मंदावतात, तेल खाली बसते आणि भोकांतून परत जाते. चेनकेसमधली पातळीही आपोआप राखली जाते. तोटा असा की क्लचच्या झिजेचा गाळ इंजिनच्या तेलात येतो.

बाहेर पडणारी तेलकट वाफ अनेक जुन्या गाड्यांत मागच्या चेनवर सोडत. फुकटात वंगण होई, शिवाय टायरही माखे. प्रदूषणाचे नियम आल्यावर नळी एअरबॉक्सला (इंजिनाकडे हवा नेणारी पेटी) जोडून हा वायू पुन्हा जाळला जाऊ लागला.

बिघाड ओळखताना वायू कसा येतो ते पाहावे. गरम इंजिनाच्या नळीतून निळसर धूर सतत येत असेल तर रिंगा किंवा बोअर झिजलेले असतात. नळीच्या तोंडाशी धरलेले बोट आळीपाळीने ढकलले आणि ओढले जात असेल तर झडप बंद होत नाही. ड्राय संप गाडी (जिचे तेल वेगळ्या टाकीत असते) बरेच दिवस उभी राहून सुरू करताच नळीतून तेल भसकन आले, तर दोष ब्रीदरचा नसतो. टाकीतले तेल पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये उतरलेले असते. नळीत साठलेला दुधी चिखल थंडीतल्या छोट्या फेऱ्यांचा, कारण इंजिन पुरेसे तापत नाही आणि वाफेचे पाणी तेलात मिसळते. पुशरॉडच्या नळ्या, रॉकर बॉक्स आणि ऑइल सील एकाच वेळी गळू लागले तर गॅस्केट मागवण्याआधी ब्रीदरची नळी टाकीखाली किंवा सीटखाली चेपली आहे का ते बघावे.