काउंटी न्यायालयांतील जाहीर अभिलेख

अमेरिकेत काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा विभाग, त्या पातळीवरच्या न्यायालयांत दाखल झालेल्या दाव्यांचे आणि फौजदारी खटल्यांचे कागद कोणाही तिऱ्हाइताला पाहता येतात, त्यांच्या नकलाही घेता येतात. दावाअर्ज, कैफियत, रोजनामा, हुकूमनामा, निकालपत्र हे सारे त्यात आले. कागद का हवा, हे सांगावे लागत नाही. पत्रकार, घरमालक, वंशावळ शोधणारे, शेजाऱ्याच्या भांडणात रस असलेले शेजारी, सगळ्यांना खिडकी एकच. अडचण येते ती निराळ्याच ठिकाणी. देशात ३,००० हून अधिक काउंट्या आहेत, प्रत्येक राज्याची न्यायालयीन रचना वेगळी आहे आणि सर्वांचे मिळून एकच असे दप्तर कुठेही नाही. त्यामुळे कागद शोधणे म्हणजे बहुतांशी योग्य कचेरी शोधणे.

या हक्काचे मूळ इंग्लिश रूढ कायद्यात, म्हणजे 'कॉमन लॉ'मध्ये आहे. 'निक्सन विरुद्ध वॉर्नर कम्युनिकेशन्स' (१९७८) या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो स्पष्ट शब्दांत मान्य केला आणि कागदाशी मागणाऱ्याचा हितसंबंध असणे सहसा आवश्यक धरले जात नाही, असेही नोंदवले. गंमत अशी की, त्याच निकालात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या काळातल्या वॉटरगेट घोटाळ्याच्या खटल्यातील ध्वनिफितींच्या प्रती प्रसारण कंपन्यांना नाकारल्या गेल्या, कारण हा हक्क निरपवाद नाही. भारतातली रीत उलटी आहे. तिऱ्हाइताला नक्कल हवी असेल तर अर्जात कारण द्यावे लागते. गुजरात उच्च न्यायालयाच्या अशाच नियमाबाबत २०२० मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, न्यायालयीन कागदांसाठी माहिती अधिकाराचा मार्ग नाही. उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच अर्ज करावा.

कचेरीचे नाव राज्यागणिक बदलते. टेक्सासात गंभीर फौजदारी खटल्यांचे दप्तर डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे, तर मृत्युपत्रांचे आणि जमिनीच्या दस्तांचे काउंटी क्लर्ककडे असते. पेनसिल्व्हेनियात दिवाणी कागद 'प्रोथोनोटरी' नावाचा न्यायालयीन अधिकारी सांभाळतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत वावरलेल्या वकिलांना हा हुद्दा नवा नाही. न्यूयॉर्कमध्ये 'सुप्रीम कोर्ट' हे सर्वात वरचे नव्हे, तर खालचे, प्रत्यक्ष खटले चालवणारे न्यायालय आहे, आणि घटस्फोटाची फाइल तेथे शंभर वर्षे पक्षकारांखेरीज इतरांना दाखवत नाहीत.

मिसूरी राज्यातील सेंट लुइस काउंटी हे सगळे एका जागी पाहायला चांगली आहे. राज्यात ११४ काउंट्या असून न्यायालयांचे ४६ विभाग, म्हणजे 'सर्किट', आहेत. सेंट लुइस शहर १८७६ मध्ये आपल्याच काउंटीपासून फुटून निघाले. तेव्हापासून शहर आणि काउंटी ही दोन स्वतंत्र प्रशासने आहेत. काउंटीचे न्यायालय क्लेटनला भरते, ते २१वे सर्किट. शहराचे न्यायालय २२वे. बाहेरून आलेला माणूस 'सेंट लुइसचे कोर्ट' म्हणून शहरात चौकशी करतो आणि तेथे नाव सापडत नाही म्हणून खटलाच नाही असे समजतो. ही चूक फार सर्रास होते.

खटल्याचा क्रमांक हाती असेल तर हा घोळ होत नाही. '२१एसएल-सीसी०' अशी सुरुवात असलेला क्रमांक घ्या. पहिले दोन अंक दाखल झाल्याच्या वर्षाचे, म्हणजे २०२१. 'एसएल' म्हणजे सेंट लुइस काउंटी. 'सीसी' म्हणजे सर्किट न्यायालयातला दिवाणी दावा. 'सीसी'च्या जागी 'डीआर' असेल तर कौटुंबिक, 'सीआर' असेल तर फौजदारी. तोच दावा शहरात दाखल झाला असता तर सुरुवात '२१२२-सीसी' अशी झाली असती, कारण शहराच्या क्रमांकात अक्षरांऐवजी सर्किटचा आकडा येतो. कागदाच्या कोपऱ्यातल्या या पाच-सहा चिन्हांवरून वर्ष, गाव आणि प्रकार तिन्ही कळतात.

क्रमांक नसेल तर नावावरून शोधावे लागते. त्यासाठी मिसूरीची राज्यभर चालणारी 'केस डॉट नेट' ही विनामूल्य संगणकीय सोय आहे. नाव टाकले की पक्षकार, वकील, तारखा आणि रोजनामा दिसतो. १ जुलै २०२३ पासून दाखल होणारे बरेचसे जाहीर कागदही तेथे घरबसल्या उघडता येतात. त्याआधीचे वाचायचे तर न्यायालयात जाऊन तेथील सार्वजनिक संगणकापाशी बसावे लागते किंवा क्लर्ककडे फाइल मागावी लागते. मराठी नावांच्या बाबतीत मात्र शोध हमखास अडखळतो. एकच आडनाव रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते, वडिलांचे नाव मधले नाव म्हणून कधी येते, कधी गळते, आणि संगणक फक्त अक्षरे जुळवतो. सगळी रूपे टाकून पाहिल्याशिवाय 'नोंद नाही' म्हणू नये. उलट, नाव जुळले म्हणजे माणूसही तोच, असेही धरू नये. जन्मवर्ष आणि पत्ता पडताळावा.

काही गोष्टी मुळातच झाकलेल्या असतात. बालन्यायालयाचे आणि दत्तकविधानाचे कागद बाहेर येत नाहीत. मिसूरीच्या कायद्याप्रमाणे आरोपी निर्दोष सुटला किंवा खटला काढून टाकला गेला, की ती नोंद बंद होते. शिक्षा न ठोठावता प्रोबेशनवर सोडलेल्याचा काळ नीट पार पडला, तरीही होते. म्हणजे कालपर्यंत दिसणारा खटला आज शोधात न येणे हा यंत्रणेचा बिघाड नसतो. खासगी माहिती कंपन्या मात्र जुनी नोंद आधीच उतरवून घेतात आणि भाड्याचे घर किंवा नोकरी देणाऱ्यांना विकतात, तेव्हा बंद झालेली गोष्टही माणसाचा पिच्छा सोडत नाही. या व्यवस्थेतला हा सर्वात न सुटलेला प्रश्न आहे.

आणखी काही कागद काउंटी न्यायालयात नसतातच. दिवाळखोरीची प्रकरणे केंद्रीय न्यायालयात जातात. ती 'पेसर' या वेगळ्या यंत्रणेत पानाला १० सेंट देऊन पाहावी लागतात. घराचा दस्त आणि गहाणाची नोंद रेकॉर्डर ऑफ डीड्सकडे, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, असते. वाहतुकीचा दंड बहुधा गावाच्या छोट्या म्युनिसिपल कोर्टात असतो आणि एकट्या सेंट लुइस काउंटीत अशी ८० च्या आसपास न्यायालये होती. याच काउंटीतल्या फर्ग्युसन गावात २०१४ मध्ये पोलिसाच्या गोळीने एक कृष्णवर्णीय तरुण मारला गेला. त्यानंतर केंद्रीय न्याय विभागाने २०१५ मध्ये दिलेल्या अहवालात फर्ग्युसन गावाचे कोर्ट न्यायापेक्षा दंडवसुलीसाठीच कसे चालते, यावर कडक ताशेरे होते.

पडद्यावर कागद दिसणे आणि त्याची प्रमाणित नक्कल हाती असणे यांत फरक आहे. भारतीयांना तो बहुधा घटस्फोटाच्या वेळी कळतो. सेंट लुइस काउंटीच्याच सर्किट न्यायालयाचा एक हुकूमनामा भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. तिरुपतीला लग्न झालेल्या दांपत्याचे ते प्रकरण. पतीने दुसरे लग्न केल्याची फिर्याद होती आणि बचावात मिसूरीच्या घटस्फोटाच्या निकालाची फोटोप्रत दाखल झाली. १९९१ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, प्रत फोटोची आहे एवढ्यावरून ती बाद होत नाही, कारण तिच्यावर तेथील डेप्युटी क्लर्कचे प्रमाणन आहे. पण अमेरिकेतील भारत सरकारच्या प्रतिनिधीचे पुढचे प्रमाणन नाही, म्हणून ती पुराव्यात चालणार नाही. हुकूमनामाही हिंदू विवाह कायद्याच्या चौकटीत बसत नव्हता, तो भाग वेगळा. २००५ पासून भारत अपोस्टिल करारात आहे. अपोस्टिल म्हणजे एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या सदस्य देशात ग्राह्य धरला जावा म्हणून त्यावर लावलेले प्रमाणन. तेव्हापासून क्लर्ककडून नक्कल घेऊन तिच्यावर त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचे अपोस्टिल घेण्याची वाट रूढ झाली. ते घेण्याआधी, कागद भारतात ज्या न्यायालयापुढे ठेवायचा तेथल्या वकिलाला विचारावे.

जुन्या दप्तरांना वेगळेच मोल आहे. सेंट लुइस शहर फुटण्यापूर्वीचे काउंटीचे न्यायालयीन कागद शहराच्याच ताब्यात राहिले, त्यामुळे ते क्लेटनला मिळत नाहीत. गुलामगिरीतून मुक्ततेसाठी गुलामांनीच गुदरलेले ३०० हून अधिक दावे या दप्तरांत सापडले. ड्रेड स्कॉट आणि त्यांची पत्नी हॅरिएट यांनी ६ एप्रिल १८४६ रोजी दिलेले अर्जही त्यांत आहेत. स्कॉट यांच्या बाजूने १८५० मध्ये निकाल लागला, १८५२ मध्ये मिसूरीच्या वरिष्ठ न्यायालयाने तो फिरवला आणि १८५७ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयात ते हरले. हे दावे नंतर मिसूरी राज्य अभिलेखागार व सेंट लुइसमधील वॉशिंग्टन विद्यापीठ यांच्या सहकार्याने संगणकावर आणले गेले. आज ते कोणालाही, विनाशुल्क, मूळ हस्ताक्षरात वाचता येतात.