पॉइंट टू टूची गोळी: स्टँडर्ड की हाय व्हेलॉसिटी?

10 मीटर एअर रायफल सोडून 50 मीटरला येणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना हा प्रश्न हमखास पडतो. दोन्ही डब्यांवर ‘.22 लाँग रायफल’ लिहिलेलं, दोन्ही रायफलीच्या एकाच चेंबरमध्ये (गोळी भरायच्या खाचेत) बसतात, मग जास्त वेगाची का घेऊ नये? 2024 मध्ये पॅरिसला आपल्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) कांस्य मिळवलं, तेव्हापासून तर याबद्दल नीट बोलायलाच हवं असं मला वाटतं.

हातात घेतल्यावर फरक कळतो. स्टँडर्डचं शिसं करडं असतं आणि वरचं वंगण बोटाला मेणचट लागतं. हाय व्हेलॉसिटीवर बऱ्याचदा तांब्याचा पातळ मुलामा असतो. वजन सहसा सारखंच, 40 ग्रेन, म्हणजे साधारण 2.6 ग्रॅम. खरा फरक वेगाचा. स्टँडर्ड नळीतून सेकंदाला 320 ते 330 मीटर वेगाने सुटते, हाय व्हेलॉसिटी 370 च्या पुढे. आणि मुंबईच्या 30 अंशांच्या हवेत आवाजाचा वेग आहे सुमारे 349. एक गोळी या रेषेच्या अलीकडे, दुसरी पलीकडे, आणि सगळी गोम इथेच आहे.

हाय व्हेलॉसिटी आवाजाच्या वेगापेक्षा वेगाने सुटते खरी, पण 50 मीटरच्या आतच ती आवाजाच्या वेगाखाली येते. हा टप्पा ओलांडताना तिच्याभोवतीची हवा खवळते, गोळीला हलके हेलकावे बसतात आणि ग्रूप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, फाकतो. स्टँडर्ड सुरुवातीपासून रेषेखालीच असल्यामुळे तिच्यावर ही वेळ येतच नाही.

वाऱ्याचं गणित तर भल्याभल्यांना उलटं वाटतं. गोळी वाऱ्याने किती सरकेल, हे ती किती वेळ हवेत आहे यावर ठरत नाही. हवेच्या अडथळ्यामुळे तिला जितका उशीर होतो, त्यावर ते ठरतं. आवाजाच्या वेगाच्या आसपास हा अडथळा एकदम वाढतो, म्हणून लवकर पोचूनही वेगवान गोळीच जास्त ढकलली जाते. ढोबळ हिशेब सांगतो: ताशी 15 किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात 50 मीटरवर स्टँडर्ड सुमारे अडीच सेंटिमीटर सरकते, हाय व्हेलॉसिटी साडेतीन. 50 मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ अवघं 10.4 मिलिमीटर व्यासाचं आणि पुढची प्रत्येक रिंग 8 मिलिमीटरची. म्हणजे नुसत्या गोळीच्या निवडीत एका रिंगहून जास्त गेलं. वरळीच्या रेंजवर दुपारी समुद्रावरून वारा सुटला की हा फरक कागदावर स्पष्ट दिसतो.

पण निवडीआधी नियम. 50 मीटरला आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 5.6 मिलिमीटरची, म्हणजेच .22 ची, रिमफायर (काडतुसाच्या काठावर ठोका बसून उडणारी) लाँग रायफल गोळीच चालते, आणि ती शिशाची किंवा तशाच मऊ धातूची हवी. ट्रेसर (मागे उजेडाची रेघ सोडणारी) किंवा कडक गाभ्याची गोळी रेंजवर आणायचा विचारही करू नका. मुलाम्याच्या गोळीबद्दल रेंज ऑफिसरना आधी विचारा, ते नाही म्हणाले तर विषय संपला. आणि ‘हाय व्हेलॉसिटी’ म्हणजे ‘मॅग्नम’ नव्हे. .22 मॅग्नम हे वेगळंच, लांब आणि जाड काडतूस आहे, ते लाँग रायफलच्या चेंबरमध्ये जातच नाही. हे नियम मला जाचक वाटत नाहीत. काही डब्यांवर ही गोळी दीड मैल जाऊ शकते असा इशारा छापलेला असतो. मुंबईत दीड मैलात किती माणसं राहतात, याचा विचार करून बघा.

हाय व्हेलॉसिटीचा उपयोग नाही असं नाही. काही सेमी-ऑटोमॅटिक रायफलींची यंत्रणा तिच्याच जोरावर नीट चालते. बोल्ट ॲक्शनच्या, म्हणजे प्रत्येक गोळी हाताने खटका ओढून भरायच्या, टार्गेट रायफलीला त्याची गरज नाही.

स्टँडर्ड घ्यायची हे ठरलं की खरं काम सुरू होतं: लॉट, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेली खेप, निवडणं. एली टेनेक्स असो, आरडब्ल्यूएस असो की एसके, एकाच नावाच्या दोन लॉटचे ग्रूप तुमच्या नळीतून वेगळे पडतात. दोस्ताच्या रायफलीत चाललेला लॉट तुमच्यात चालेलच याची खात्री नाही. म्हणून जमेल तिथे रायफल शिकंज्यात पक्की करून प्रत्येक लॉटचे दहा-दहा शॉटचे ग्रूप काढा आणि पसंत पडलेल्या लॉटचेच, परवान्याच्या कोट्यात बसतील तितके डबे घ्या. कोटा मोजका आणि आयात गोळी महाग, त्यामुळे मला ही चाचणी नव्या शूटिंग जॅकेटच्या खरेदीपेक्षा आधी करावीशी वाटते.

गोळी बदललीत तर पहिले काही शॉट मोजू नका, नव्या वंगणाला नळीत बसायला वेळ लागतो. मे महिन्यात डबे गाडीच्या डिकीत ठेवू नका, वंगण मऊ पडून विस्कटतं. प्रत्येक ग्रूपशेजारी डायरीत लॉट नंबर, वारा आणि साइटचे क्लिक (नेम सरकवायचे टप्पे) लिहा, आणि मॅचच्या दिवशी सायटरपासूनच, म्हणजे गुण न धरल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या शॉटपासूनच, तोच लॉट भरा.