ड्रे लॉरी व ड्रेमन (ब्रिटन)

ड्रे लॉरी : ब्रुअरीतून (बीअर बनवण्याच्या कारखान्यातून) बीअरची पिंपे पबच्या तळघरापर्यंत पोहोचवणारी मालवाहू मोटार. ब्रिटनमध्ये पिंपे वाहणाऱ्या बुटक्या, सपाट घोडागाडीला 'ड्रे' म्हणत. विसाव्या शतकात घोड्यांच्या जागी आधी वाफेचे आणि मग पेट्रोल-डिझेलचे इंजिन आले. गाडीचे नाव मात्र तेच राहिले आणि तिच्यावरची माणसेही 'ड्रेमन'च राहिली. या लॉऱ्यांचा बहराचा काळ साधारण १९०० ते १९७०. आज त्यांच्या आठवणी निघतात तेव्हा इंजिनाचा आवाज आणि दारावरची सोनेरी अक्षरे आधी येतात. खरे तर हा इतिहास गाडीपेक्षा पिंप उतरवणाऱ्या हातांचा आहे. घोडा गेला, वाफ आली, डिझेल आले, तरी हे काम जवळजवळ पाऊणशे वर्षे तसेच राहिले. ते बदलले ते ब्रुअरी आणि पब यांचे नाते बदलल्यावर.

घोडे, रेल्वे आणि वाफ

लॉरीच्या आधीही ड्रेमन हा लंडनच्या रस्त्यावरचा ओळखीचा माणूस होता : धिप्पाड, चामडी एप्रन बांधलेला, शायर जातीच्या अवाढव्य घोड्यांच्या जोडीसोबत चालणारा. त्याचा दरारा किती होता हे सप्टेंबर १८५० मधल्या एका प्रसंगावरून कळते. हंगेरी व इटलीतल्या क्रूर दडपशाहीमुळे कुप्रसिद्ध झालेला ऑस्ट्रियन सेनापती हायनाऊ साउथवर्कमधली बार्कले पर्किन्स ब्रुअरी पाहायला आला होता. कामगारांनी आणि ड्रेमन मंडळींनी त्याला ओळखले, शेण-चिखल फेकत रस्त्यावर पिटाळले. जवळच्या एका पबमध्ये लपून त्याने जीव वाचवला. पुढे १८६४ मध्ये इंग्लंडला आलेल्या, इटलीच्या एकीकरणासाठी लढलेल्या गॅरिबाल्डीने आवर्जून या ब्रुअरीला भेट दिली.

घोडागाडीची धाव मात्र तोकडी. सकाळी निघून संध्याकाळी तबेल्यात परत येता येईल एवढाच तिचा मुलूख. त्यापलीकडची बीअर रेल्वेने जाई. स्टॅफर्डशरमधले बर्टन-ऑन-ट्रेंट हे याचे मोठे केंद्र. तिथल्या 'बास' कंपनीच्या खासगी रुळांचे जाळे गावभर पसरलेले होते आणि ते १९६७ पर्यंत चालले. लंडनचे सेंट पँक्रस स्थानक १८६८ मध्ये उघडले तेव्हा फलाटांखालच्या तळघरातले लोखंडी खांब बर्टनच्या पिंपांचे माप धरून उभारले होते. आज युरोस्टारचे प्रवासी त्याच खांबांमधून जातात. मुंबईच्या बंदरात गोऱ्या पलटणींसाठी उतरणाऱ्या पेल एलचा (फिकट रंगाच्या बीअरचा) मोठा वाटाही बर्टनचाच असे. पण रेल्वे कितीही लांब गेली तरी स्थानकापासून पबच्या दारापर्यंतचा शेवटचा टप्पा ड्रेचाच होता.

१८९६ च्या कायद्याने यांत्रिक वाहनांवरची जुनी बंधने सैल झाली आणि त्याच वर्षी थॉर्निक्रॉफ्ट कंपनीने लंडनमधल्या चिझिकला आपली पहिली वाफेची गाडी बांधली. ब्रुअऱ्या या गाड्यांच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. त्याला कारण होते : बॉयलर, कोळसा आणि वाफ या गोष्टी ब्रुअरीच्या अंगवळणी पडलेल्या होत्या, त्या सांभाळणारे हात कारखान्यात आधीपासूनच होते. वाफेच्या लॉऱ्यांत दोन घराणी गाजली. सँडबाच गावच्या फोडन कंपनीचा आडवा बॉयलर रेल्वे इंजिनासारखा चालकाच्या पुढ्यात असे. सेंटिनलचा बॉयलर उभा असल्याने मागे माल ठेवायला जास्त जागा राही. ही कंपनी १९१५ पासून श्रूजबरीत गाड्या बांधू लागली. वाफेच्या गाडीवर चालक आणि भट्टीवाला असे दोघे लागत. पहाटे अंधारात येऊन भट्टी पेटवायची, वाफ धरेपर्यंत वंगण घालायचे, वाटेत टाकीतले पाणी संपले की नळी सोडून ओढ्यातून किंवा घोड्यांच्या हौदातून ते खेचून घ्यायचे. म्हणजे पहिले पिंप उतरण्याआधीच कित्येक तासांची मेहनत झालेली असे.

पहिल्या महायुद्धात लष्कराने घोडेही नेले आणि लॉऱ्याही. युद्ध संपल्यावर लष्कराच्या शिल्लक लॉऱ्या स्वस्तात बाजारात आल्या आणि सैन्यात गाडी चालवायला शिकलेले तरुण नोकरी शोधत परतले. ब्रुअऱ्यांना दोन्ही गोष्टी एकदम मिळाल्या. १९२० च्या दशकाच्या अखेरीस भरीव रबराची चाके जाऊन हवेची आली. बीअरला याचा फायदा इतर मालापेक्षा जास्त, कारण पिंपातली पारंपरिक बीअर जिवंत असते. तिच्यात यीस्टचा गाळ असतो आणि हादऱ्यांनी तो उठला की बीअर गढूळ होते.

सी लायसन्स

ड्रे लॉरी समजून घ्यायची तर १९३३ चा रस्ते व रेल्वे वाहतूक कायदा टाळता येत नाही. तो रूक्ष विषय आहे, पण या लॉऱ्यांचे नशीब त्यानेच ठरवले. या कायद्याने मालवाहू गाड्यांना ए, बी आणि सी असे तीन प्रकारचे परवाने लागू केले. भाड्याने दुसऱ्याचा माल वाहणाऱ्यांना ए, स्वतःचाही आणि दुसऱ्याचाही वाहणाऱ्यांना बी, आणि फक्त स्वतःचाच माल वाहणाऱ्यांना सी. ब्रुअरीची लॉरी सी परवान्यावर चाले. पिंपे पोहोचवून येताना वाटेत दुसऱ्या कुणाचे चार पोती धान्यही तिला पैसे घेऊन उचलता येत नसे. त्यामुळे ड्रेमन हा वाहतूकदाराचा माणूस कधीच झाला नाही. तो ब्रुअरीचाच नोकर राहिला, रिकामी पिंपे घेऊन ब्रुअरीतच परतणारा. १९४७ च्या कायद्याने लांब पल्ल्याची भाडोत्री मालवाहतूक सरकारने ताब्यात घेतली, तेव्हाही सी परवान्याच्या गाड्या वगळल्या. देशभरातल्या खासगी लॉऱ्या सरकारी 'ब्रिटिश रोड सर्व्हिसेस'च्या रंगात रंगत असताना ब्रुअऱ्यांच्या लॉऱ्या आपापल्या रंगात राहिल्या त्या या सवलतीमुळे. ही परवानापद्धत १९६८ च्या वाहतूक कायद्याने मोडीत निघाली.

वाफेचा अंतही १९३० च्या दशकातच सुरू झाला. रस्ते व रेल्वे वाहतुकीवरच्या १९३२ च्या सॉल्टर समितीनंतर जड गाड्यांवरचा कर वजनाच्या हिशेबाने वाढला. बॉयलर, पाणी आणि कोळसा घेऊन फिरणारी गाडी मुळातच जड, त्यामुळे तिच्यावर घाला बसला. एडविन रिचर्ड फोडन डिझेलचा आग्रह धरत घरच्या कंपनीतून बाहेर पडले आणि १९३३ मध्ये त्याच सँडबाच गावात ईआरएफ कंपनी उभी राहिली.

युद्धानंतरच्या ड्रे लॉऱ्यांत बेडफर्ड, डेनिस, अल्बियन, एईसी, सेडन आणि लेलँड ही नावे सारखी दिसतात. १९४७ मध्ये आलेली लेलँड कॉमेट त्यांपैकी एक. कॉमेटची बांधणी पुढे मद्रासजवळ एन्नोरला अशोक लेलँडनेही केली, त्यामुळे 'लेलँड' हे नाव महाराष्ट्रातल्या ट्रकवाल्यांना परके नाही. वेग मात्र कायद्याने बांधलेला : तीन टनांवरच्या लॉरीला १९५७ पर्यंत ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर. इंजिन दमदार असले तरी चालकाला रमतगमतच जावे लागे.

पिंप उतरवणे

बीअरच्या पिंपांना मापाप्रमाणे नावे आहेत. फर्किन ९ गॅलनचे, किल्डरकिन १८, बॅरल ३६ आणि हॉग्जहेड ५४ गॅलनचे. एक ब्रिटिश गॅलन म्हणजे सुमारे साडेचार लिटर. म्हणजे भरलेल्या बॅरलमध्ये नुसती बीअरच १६० किलोंहून जास्त, त्यावर ओकच्या जाड फळ्यांचे आणि लोखंडी कड्यांचे वजन वेगळे. हे उचलण्यासाठी गाडीवर यंत्र नव्हते. म्हणूनच ड्रे लॉरीचा तक्ता शक्य तितका खाली ठेवत. बाजूंना फळ्यांऐवजी उभे खुंट आणि त्यांत साखळ्या असत, म्हणजे साखळी काढली की पिंप कुठूनही लोटता येई.

पबसमोर लॉरी लागली की फुटपाथमधली तळघराची झडप उघडत. झडपेतून खाली तिरकी घसरशिडी लावत : दोन जाड दांडे, आडव्या पट्ट्यांनी जोडलेले. गाडीशेजारी रस्त्यावर एक भरीव गादी टाकत. पिंप तक्त्याच्या कडेवर आणून बरोबर त्या गादीवर सोडायचे, मग त्याच उसळीचा फायदा घेत झडपेकडे वळवायचे. हे ताकदीचे काम दिसते, पण निम्मे काम अंदाजाचे आहे. पिंपाचा पोटाकडचा भाग फुगीर असल्याने ते एका रेषेत गडगडत नाही. पायाने, गुडघ्याने हलकेच दिशा द्यावी लागते. काही ड्रेमन भरलेले पिंप कडेवर तोलून दोन हातांनी फिरवत नेत. मोठे पिंप शिडीवरून सोडताना त्याला दोराचे वेढे देऊन वरून धरून ठेवत, आणि खाली तळघरात उभा असलेला साथीदार ते अंगावर न घेता बाजूला वळवून घेई. वरच्याचा हात सुटला तर खालच्याला पळायला जागा नसे. त्यामुळे जोडीदार बदलणे ड्रेमनला आवडत नसे, हे सहज समजण्यासारखे आहे. लंडन आणि केंटकडे या मदतनिसाला 'ट्राउन्सर' म्हणत. चालकाइतकेच, पुष्कळदा त्याहून जास्त श्रम त्याचे; आठवणींत मात्र त्याला जागा कमी मिळाली आहे.

पिंप खाली पोहोचले म्हणजे काम संपले असे नव्हे. ते लाकडी घोडीवर आडवे ठेवून पाचरी मारायच्या, मग रिकामी पिंपे आणि बाटल्यांचे खोके वर काढायचे. खराब म्हणून परत जाणाऱ्या बीअरचा हिशेबही गाडीवरच होई. पबवाल्याला बीअर दुसऱ्या दिवशी निवळ हवी असेल तर ड्रेमनने पिंप कसे ठेवले यावर बरेच अवलंबून असे. तो ब्रुअरीचा माणूस म्हणून तळघरातल्या उणिवाही पाहून जाई आणि मालकापर्यंत पोहोचवी. बहुतेक पब त्या काळी ब्रुअरीच्याच मालकीचे किंवा तिच्याशी करारबद्ध, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होते.

वाट्याची बीअर

ब्रुअरीच्या कामगारांना पगाराबरोबर रोजची ठरावीक बीअर मिळे. ड्रेमनला ती ब्रुअरीत मिळेच, शिवाय पिंपे उतरवल्यावर पबवाला पुढे एक ग्लास ठेवी. दिवसात पाच-सहा पब असले तर हिशेब सहज कळतो. घोड्यांच्या काळात याने फारसे बिघडत नसे. घोड्यांना तबेल्याची वाट पाठ असे. लॉरीला ती पाठ नव्हती. तरीही प्रथा लॉरीच्या काळात कित्येक दशके टिकली, आणि जुन्या ड्रेमनच्या गोष्टींत ती अजून कौतुकाने येते. हे कौतुक मला पटत नाही. त्या गाड्या पादचाऱ्यांनी भरलेल्या रस्त्यांवर चालत आणि भरलेल्या पिंपांखाली साथीदार उभा असे.

हे बदलले ते १९६७ च्या रस्ता सुरक्षा कायद्याने. बार्बरा कॅसल वाहतूकमंत्री असताना झालेल्या या कायद्याने रक्तातल्या दारूची मर्यादा १०० मिलिलिटरला ८० मिलिग्रॅम अशी आकड्यात बांधली आणि त्या ऑक्टोबरपासून पोलिसांच्या हातात श्वास तपासण्याची नळी आली. दारू पिऊन गाडी चालवणे त्याआधीही गुन्हाच होता, पण मोजमाप नव्हते. चालकाला नोकरी आणि लायसन्स दोन्ही राखायचे होते. वाट्याची बीअर हळूहळू घरी नेण्याच्या बाटल्यांत किंवा पैशांत बदलली.

रंग, नावे आणि विलीनीकरण

ब्रुअरीची लॉरी ही तिची फिरती जाहिरात होती. अक्षरे रंगवणारे कारागीर ब्रुअरीच्या पगारावर असत आणि पबच्या पाट्याही तेच रंगवत. बासचा लाल त्रिकोण हे ब्रिटनमधले नोंदणी झालेले पहिले व्यापारचिन्ह, १८७६ चे. वर्दिंग्टन ब्रुअरीने १९२० च्या दशकात डेमलर गाडीवर चक्क बाटलीच्या आकाराची बॉडी चढवली. ती बर्टनच्या संग्रहालयात अनेकांनी पाहिली आहे.

१९६० च्या आसपास ब्रुअऱ्या एकमेकींत विलीन होऊ लागल्या. थोड्याच वर्षांत बास चॅरिंग्टन, अलाइड, व्हिटब्रेड, वॉटनी मॅन, करेज आणि स्कॉटिश अँड न्यूकॅसल या सहा जणांकडे बहुतेक बाजार गेला. गावागावांच्या ब्रुअऱ्यांचे रंग पुसले गेले. याच सुमारास लाकडी पिंपांच्या जागी धातूची आली, पिंपे बांधणारे कूपर बेकार झाले, आणि वायूच्या दाबाची, लवकर न बिघडणारी केग बीअर पसरली. तिला घोडी नको, निवळण्याचा वेळ नको. ड्रेमनचे तळघरातले ज्ञान इथेच निरुपयोगी ठरू लागले. पिंपातल्या पारंपरिक बीअरसाठी झगडणारी 'कॅमरा' ही ग्राहकसंघटना १९७१ मध्ये निघाली ती या बदलाविरुद्धच.

शेवटचा धक्का १९८९ च्या 'बीअर ऑर्डर्स' या सरकारी आदेशांनी दिला. दोन हजारांहून जास्त पब असलेल्या ब्रुअऱ्यांना मालकीची पकड सैल करावी लागली, पब वेगळ्या कंपन्यांकडे गेले आणि पिंपे पोहोचवण्याचे काम वाहतूक कंपन्यांकडे. हेतू ग्राहकाच्या भल्याचा होता. पण ब्रुअरी, लॉरी आणि तळघर यांना जोडणारा माणूस मधून निघून गेला. १९९२ च्या वजन हाताळणीच्या नियमांनी मोठी पिंपेही मागे पडली. ही गोष्ट मात्र चांगली झाली. चिरडलेली बोटे आणि पन्नाशीत मोडलेली पाठ ही या धंद्याची ठरलेली किंमत होती.

जतन

जुन्या मालवाहू गाड्यांच्या प्रेमींनी १९५८ मध्ये संघटना काढली आणि १९६२ पासून लंडन ते ब्रायटन असा त्यांचा वार्षिक प्रवास सुरू झाला. त्यात ब्रुअरीच्या रंगातल्या लॉऱ्या हमखास असतात. लँकेशरमधल्या लेलँड गावीही मालवाहनांचे संग्रहालय आहे. बर्टनचे राष्ट्रीय ब्रुअरी केंद्र २०२२ मध्ये बंद झाले.

घोड्यांचे ड्रे काही ठिकाणी लॉऱ्यांपेक्षा जास्त टिकले. लंडनमधल्या वाँड्सवर्थची यंग्ज ब्रुअरी २००६ मध्ये बंद होईपर्यंत जवळच्या पबना घोड्यांच्या ड्रेवरून बीअर देत होती. यॉर्कशरमधल्या टॅडकास्टरची सॅम्युएल स्मिथ आणि विल्टशरमधल्या डिव्हायझेसची वॉडवर्थ यांनीही आपली शायर घोड्यांची परंपरा एकविसाव्या शतकात आणली.