मोरपंखी लोकर फोटोत निळी का होते?

दिवाळी सरली की विणणाऱ्यांच्या घरात लोकरीचे गुंडे आणि सुया बाहेर निघतात, आणि एक तक्रार हमखास ऐकू येते. फोटो बघून मोरपंखी लोकर मागवली, हातात आली ती वेगळीच. किंवा उलट: आजीने डाळिंबी स्वेटर विणला, त्याचा फोटो परगावी नातीला पाठवला, तर तिने विचारलं, "लाल का घेतलास गं?" मग बोल लागतो दुकानदाराला, नाहीतर फोनला. या तक्रारीमागे एक समज पक्का बसलेला असतो, की रंग लोकरीत भरलेला आहे आणि चांगला कॅमेरा तो जसाच्या तसा उचलतो. यातलं पहिलंही खरं नाही आणि दुसरंही नाही. का, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण विणणाऱ्या आणि फोटो काढणाऱ्या माणसाइतकी रंगाची गंमत दुसऱ्या कुणाच्या हाती लागत नसेल.

लोकरीवर चढवलेलं रंगद्रव्य एकच काम करतं: येणाऱ्या प्रकाशातला काही भाग गिळून टाकतं. दिवसाच्या उजेडात साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे सगळे दृश्य किरण मिसळलेले असतात, हे आपण शाळेत लोलकाच्या प्रयोगात शिकलो. डाळिंबी लोकर त्यातले हिरवे किरण जवळजवळ सगळे शोषते, लाल भरपूर परत पाठवते, थोडे निळे-जांभळेही परत पाठवते. प्रत्येक तरंगलांबीचा किती टक्के प्रकाश परत आला याचा आलेख काढला तर एक वळणावळणाची रेषा मिळते. लोकरीचं स्वतःचं म्हणावं असं एवढंच: ही रेषा. तिला अजून रंग नाही.

रंगाची सुरुवात होते डोळ्यात, आणि ती होते माहिती टाकून देऊन. हा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्या दृष्टिपटलावर साठ लाखांच्या आसपास शंकुपेशी असतात, पण त्यांचे प्रकार फक्त तीन. एक प्रकार ४२० नॅनोमीटरच्या आसपासच्या किरणांना सर्वाधिक दाद देतो, दुसरा ५३०च्या आसपास, तिसरा ५६०च्या आसपास. शेवटचे दोन एकमेकांच्या किती जवळ आहेत बघा. त्यांच्या संवेदनक्षेत्रांचा बराचसा भाग एकमेकांवर येतो. आता खरी गोष्ट. एक शंकुपेशी प्रकाशाचे कण फक्त मोजते. आलेला कण ५०० नॅनोमीटरचा होता की ६००चा, हे तिला कळत नाही. मतमोजणीसारखंच आहे हे: पेटीत पडलेलं मत मोजलं जातं, कुणी दिलं ते मोजणाऱ्याला कळत नाही. ५६०ला दाद देणाऱ्या पेशीला त्याच तरंगलांबीचा मंद प्रकाश आणि ६२०चा प्रखर प्रकाश अगदी सारखाच वाटू शकतो. म्हणजे एकटी शंकुपेशी रंगांधळी असते. तिन्ही प्रकारांच्या मोजणीची मेंदू तुलना करतो आणि त्या तुलनेला आपण रंग म्हणतो.

याचा परिणाम विलक्षण आहे. लोकरीची ती वळणावळणाची रेषा नेमकी सांगायची तर दहा-दहा नॅनोमीटरला एक याप्रमाणे तीस-एकतीस आकडे लागतील. डोळा त्यांचे तीन करतो. तीस आकड्यांचे तीन केले की असंख्य वेगवेगळ्या रेषा त्याच तीन आकड्यांवर येऊन पडणार, यात नवल नाही. पूर्णपणे वेगळा प्रकाश, पण दिसायला हुबेहूब तोच रंग: अशा जोड्यांना मेटॅमर म्हणतात. याचं उदाहरण आत्ता तुमच्या हातात आहे. फोनच्या पडद्यावर हळदी रंगाचा स्वेटर बघा. स्वेटरकडून येणाऱ्या प्रकाशात पिवळे किरण भरपूर होते. पडद्यावर पिवळा दिवाच नाही. तिथे फक्त लाल आणि हिरवे ठिपके पेटले आहेत. तरी तुम्हाला हळद दिसते, कारण तीन मोजण्यांचं गणित सारखं जुळलं.

म्हणूनच रंगीत काचेच्या बाटलीत पाणी भरून ते उन्हात ठेवलं की पाण्यात त्या रंगाचा औषधी गुण उतरतो, या दाव्याला काही अर्थ नाही. निळ्या बाटलीतून गेलेला प्रकाश पाण्यातून आरपार निघून जातो, पाणी पाणीच राहतं. निळेपण तयार होतं ते बघणाऱ्याच्या डोळ्यात आणि मेंदूत. ते पाण्यात साठवून घोट घोट पिता येत नाही. आजारी माणसाला असं पाणी देऊन औषध थांबवणारे लोक अजूनही भेटतात, म्हणून हे स्पष्ट लिहिते आहे.

मेटॅमरचा व्यवहारातला फटका विणणाऱ्यांना पुरेपूर माहीत असतो. साडी घ्यायला गेलेली बाई ती दुकानाच्या दाराशी नेऊन "जरा उजेडात बघू दे" म्हणते, ते शंभर टक्के शास्त्रशुद्ध आहे. बाळंतविड्याचंच घ्या. टोपरं आणि मोजे अॅक्रिलिक लोकरीचे, झबलं मात्र सुती. अॅक्रिलिकला लागणारी रंगद्रव्यं वेगळी, सुताला लागणारी वेगळी, खऱ्या लोकरीची आणखी वेगळी. प्रत्येक धाग्याची रसायनं निराळी असल्यामुळे तसं करावंच लागतं. त्यामुळे दोन आबोली एकमेकींना जुळल्या तरी त्यांच्या रेषा वेगळ्या असतात. दुकानातल्या पांढऱ्या एलईडीखाली त्या जुळतात आणि अंगणात आल्यावर एक गुलाबीकडे झुकते, दुसरी केशरीकडे. कारण एलईडीचा 'पांढरा' प्रकाश उन्हासारखा नसतो. त्यात ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा उंच सुळका असतो, पुढे ४८०पाशी खड्डा, मग फॉस्फर या चकाकणाऱ्या लेपाने दिलेला पिवळसर डोंगर, आणि गडद लालपर्यंत पोचता पोचता तो उतरलेला. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे सांगणारा 'सीआरआय' नावाचा गुण असतो; खोक्यावर छापलेल्या 'सीआरआय ८०'वर फार विसंबू नका. तो आकडा आठ फिकट रंगनमुन्यांची सरासरी असतो. गडद लाल हा नववा नमुना, तो त्या सरासरीत धरतच नाहीत. ८०वाल्या दिव्याचा लालचा गुण शून्याच्या आसपासही असू शकतो. राणी, डाळिंबी, कुसुंबी निवडायचे तर दिवसाच निवडा.

आता कॅमेरा. त्याची गोष्ट एका विणलेल्या पट्टीपासूनच सुरू होते, याचा मला फार आनंद वाटतो. १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी श्रोत्यांना स्कॉटिश टार्टन रिबिनीचं रंगीत चित्र दाखवलं. विद्युतचुंबकीय लहरींचे तेच मॅक्सवेल. त्यांना फोटोग्राफीत रस नव्हता; डोळ्याला तीनच मोजण्या पुरतात हे त्यांना सिद्ध करायचं होतं. त्यांच्यासाठी छायाचित्रकार थॉमस सटन यांनी रिबिनीचे फोटो लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या द्रावणांतून काढले होते. फोटो अर्थातच कृष्णधवल. मग ते तीन कंदिलांतून, पुन्हा त्याच रंगांच्या गाळण्या लावून, पडद्यावर एकावर एक पाडले. रिबीन रंगात दिसली.

पण ती दिसायलाच नको होती. त्या काळी फोटो ज्यांवर टिपत त्या प्रकाशसंवेदी लेपाच्या ओल्या कलोडियन काचांना निळे, जांभळे आणि अतिनील किरण कळत; हिरवा जेमतेम, लाल अजिबात नाही. निळ्यासाठी काही सेकंद पुरले, तर हिरव्या आणि लालसाठी काच कित्येक मिनिटं उघडी ठेवावी लागली. तरीही, ज्या काचेला लाल दिसतच नाही तिच्यावर लालचा ठसा आला कुठून? याचं उत्तर मिळायला शंभर वर्षं लागली. १९६१ मध्ये कोडॅकमधले राल्फ इव्हान्स आणि त्यांचे सहकारी यांनी प्रयोग पुन्हा करून पाहिला. लाल द्रावणातून थोडे अतिनील किरणही निसटत होते, आणि कापडाची अनेक लाल रंगद्रव्यं लालबरोबर अतिनीलही परावर्तित करतात. काचेने रिबिनीतला लाल टिपलाच नव्हता. तिने अतिनील टिपला होता, आणि तो नेमका लाल पट्ट्यांच्याच जागी होता म्हणून चित्र जमलं. रिबिनीच्या परावर्तनाच्या रेषेचा जो तुकडा माणसाला कधीच दिसत नाही, त्याने जगातलं पहिलं गाजलेलं रंगीत छायाचित्र उभं केलं.

तुमच्या फोनमध्ये आजही तत्त्व तेच आहे. ब्राइस बायर यांच्या १९७६च्या पेटंटनुसार संवेदकावर गाळण्यांची जाळी बसवतात: निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. प्रत्येक बिंदू एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. यात अडचण अशी, की कॅमेऱ्याच्या तीन गाळण्या म्हणजे आपल्या तीन शंकुपेशी नव्हेत. त्यांची संवेदनक्षेत्रं वेगळी आहेत, म्हणून आपल्याला जुळणाऱ्या दोन लोकरी कॅमेऱ्याला वेगळ्या दिसतात आणि आपल्याला वेगळ्या दिसणाऱ्या कॅमेऱ्याला जुळतात. जांभळी लोकर फोटोत निळी पडते ती बऱ्याचदा यामुळेच: वर्णपटाच्या जांभळ्या टोकाला आपल्याला जी लालसर झाक दिसते, ती बऱ्याच कॅमेऱ्यांच्या लाल गाळणीला कळत नाही.

मोरपंखीचं दुखणं त्याच्याही पुढचं, पडद्यातलं आहे. पडद्याकडे तीनच दिवे आहेत; त्या तिघांच्या मिश्रणातून जे रंग बनतात तेवढेच तो दाखवू शकतो, आणि नेहमीच्या रंगप्रणालीत ही मर्यादा सर्वांत तोकडी पडते ती निळ्या-हिरव्याच्या मधल्या गडद छटांतच. नेमका मोराचा प्रांत. मग सॉफ्टवेअर त्या छटेला ओढून जवळच्या निळ्यावर किंवा हिरव्यावर नेऊन बसवतं. पडदा 'शंभर कोटी रंग' दाखवतो ही जाहिरात त्याला वाचवत नाही. शंभर कोटी ही त्या मर्यादेच्या आतल्या पायऱ्यांची संख्या आहे. पायऱ्या वाढवून मर्यादा रुंदावत नाही.

बाकी दोष फोनच्या हुशारीचा. चौकटीतल्या सगळ्या रंगांची सरासरी करडी असावी, या गृहीतकावरून बरेच कॅमेरे प्रकाशाचा रंग ओळखायला सुरुवात करतात. हळदी स्वेटरने चौकट भरून टाका, फोनला वाटतं की दिवाच पिवळा आहे. तो निळं मिसळतो आणि हळद फिकी पडते. शेजारी करडा कागद ठेवला तर हा गैरसमज टळतो. पांढरा झेरॉक्सचा कागद तितकासा बरा नाही, त्यात निळसर चमक आणणारं द्रव्य असतं. आणि लाल विणकामाचे टाके फोटोत गायब होऊन नुसता लाल थापा दिसत असेल, तर लालची मोजणी २५५ या कमाल आकड्याला जाऊन भिडली आहे. फोटो थोडा अंधारा घ्या, टाके परत दिसतील.

रंगाला शेजारही बदलतो. पॅरिसच्या गोबलँ या भिंतीवर टांगायची चित्रं विणणाऱ्या कारखान्यात १८२४ मध्ये मिशेल शेव्हरल रंगशाळेचे प्रमुख झाले, तेव्हा काळा रंग नीट चढत नाही अशी विणकरांची तक्रार होती. शेव्हरल रसायनतज्ज्ञ होते. त्यांनी तपासलं तर रंग उत्तम होता. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणल्यामुळे काळा मरगळलेला दिसत होता. शेजारशेजारच्या रंगांच्या विरोधाचा त्यांचा नियम १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. हे गृहस्थ १०२ वर्षं जगले आणि १८८६ मध्ये, शंभरीच्या वेळी, नादार या छायाचित्रकार पितापुत्रांनी बोलता बोलता त्यांची छायाचित्रं टिपली. छायाचित्रांसह छापलेली मुलाखत हा प्रकार तिथूनच सुरू झाला असं मानतात.

दुरंगी नक्षी विणायची असेल तर शेव्हरलसोबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बारीक तपशील डोळा मुख्यतः उजळ-अंधाऱ्याच्या फरकावरून वाचतो, रंगाच्या फरकावरून कमी. लाल आणि हिरवा गुंडा शेजारी ठेवून कृष्णधवल फोटो काढा. दोघे एकसारखे करडे आले तर नक्षी दोन पावलांवरून विरघळणार, मग सुईवर कितीही उठावदार दिसो. शेटलंड बेटांवरच्या फेअर आयल नक्षीत एका ओळीत बहुधा दोनच रंग असतात, त्यामुळे हा फरक तिथे सगळं काही ठरवतो.

शेवटचा मुद्दा गुंड्याचा. गुंड्यातला रंग आणि विणलेल्या कापडातला रंग एक नसतो. भिंगातून किंवा मॅक्रोने दोन सुलट दोन उलट अशी पट्टी बघा. उलट टाक्यांच्या खोबणीत लाल लोकर नुसती अंधारी दिसत नाही, ती अधिक लाल दिसते. समजा एका आपटण्यात ती ८० टक्के लाल आणि २० टक्के हिरवा प्रकाश परत पाठवते. खोबणीत प्रकाश एका धाग्यावरून दुसऱ्यावर आपटून मग बाहेर येतो. दुसऱ्या खेपेला लाल उरतो ८०चे ८० टक्के, म्हणजे ६४. हिरवा उरतो २०चे २० टक्के, म्हणजे ४. चारास एक असलेलं प्रमाण सोळास एक झालं. घट्ट विणीत, खोल खोबण्यांत रंग असा गडद होत जातो. केसाळ लोकरीत वरच्यावर विखुरलेला प्रकाश त्यात पांढरं मिसळतो आणि तोच रंग फिका पडतो. तेव्हा लोकर मागवताना गुंड्याचा नव्हे, विणलेल्या चौकोनाचा फोटो मागा: खिडकीच्या उजेडात, दिवे मालवून, शेजारी करडा कागद ठेवून काढलेला.