रोटेनबुर्गच्या चौकातली सव्वातीन लिटरची गोष्ट

१६३१ साली कॅथलिक फौजेचा सेनापती टिली जर्मनीतलं रोटेनबुर्ग बेचिराख करणार होता, पण त्याची पैज स्वीकारून माजी महापौर नुश यांनी सव्वातीन लिटर वाइन एका दमात रिचवली आणि गाव वाचलं, असं सांगतात. टिलीने गाव जिंकलं, हे खरं. वाइनचा उल्लेख मात्र त्या काळच्या नोंदींत नाही. तो १८व्या शतकातला, आणि गाजला १८८१च्या नाटकामुळे.

बाजारचौकातल्या जुन्या मद्यगृहाच्या इमारतीवर घड्याळाशेजारच्या खिडक्या उघडून टिली आणि नुश यांच्या बाहुल्या दिसतात. घड्याळ १६८३चं, म्हणून बाहुल्याही तेवढ्याच जुन्या वाटतात. फसगत होते ती इथेच. ही यांत्रिक जोडी जेमतेम १९१०ची!

‘गाव जसंच्या तसं टिकलं’ असं म्हणतात, तेही अर्धसत्यच. ३१ मार्च १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जुन्या गावाचा सुमारे ४० टक्के भाग गेला. तो नंतर जुन्या धर्तीवर उभारला.