पाल चुकचुकली, पण कुठली?

परवा म्हापशाला बहिणीकडे गेलो होतो, तिथे भाचा पेपर वाचत बसलेला. बातमीत होतं की अवकाळी पावसात ऊसतोड कामगारांची पालं भिजली. तर हा सातवीतला पोरगा मला विचारतो, मामा, हे लोक पाली पाळतात? हसलो खरा, पण त्याची चूक तरी काय. ती पाल, अनेक पाली. ते पाल म्हणजे तंबू, अनेक पालं. सगळा खेळ लिंगाचा. शिवाय राज्यपालातला पाल वेगळा, तो पाळणारा, सांभाळणारा. सत्तरीतलं धबधब्याचं पाली गाव आणखी वेगळं. आपल्या पालीचा मूळ शब्द संस्कृतात पल्ली, आणि गंमत म्हणजे तिथे पल्ली म्हणजे छोटं गावसुद्धा. कारवारकडे गेलात तर कन्नडमध्ये पाल ती हल्ली आणि गाव ते हळ्ळी, फरक एका ळ चा!

असो, मला खरं बोलायचंय ते भिंतीवरच्या पालीबद्दल. रात्री बलकांवातल्या, म्हणजे घरापुढच्या पोर्चमधल्या, दिव्याजवळच्या खिडकीवर ती येते तेव्हा घरात राहून काचेतून तिचं पोट आणि पाय बघा. बोटांखाली आडव्या पट्ट्या दिसतील, वहीची पानं एकावर एक सरकवल्यासारख्या. बहुतेकांना वाटतं तिच्या पायाला व्हॅक्यूम असतो नाहीतर डिंक. दोन्ही नाही. हवा काढून घेतलेल्या भांड्यातही तिचा पाय चिकटतो, आणि डिंक सोडणारी ग्रंथीच पायात नसते.

त्या पट्ट्यांवर केस असतात, आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक, केराटिन नावाच्या प्रथिनाचे. ईशान्य भारतात ‘टोके’ नावाची मोठी पाल असते, तिच्या एका पायावर असे साधारण 5 लाख केस. प्रत्येक केसाला टोकाशी शेकडो फाटे, आणि फाट्याचं टोक चपटं, सुमारे 200 नॅनोमीटर रुंद (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). एवढं बारीक कशाला? तर रेणूंमधले इलेक्ट्रॉन सारखे हलत असतात, त्यामुळे क्षणभर रेणूची एक बाजू थोडी ऋण, दुसरी थोडी धन होते, शेजारच्या रेणूत उलटा प्रभार तयार होतो आणि दोघं ओढले जातात. हेच व्हॅन डर वाल्स बल. पण ते अगदी काही नॅनोमीटरच्या आतच चालतं. आपला तळवा भिंतीला टेकवला तरी खऱ्या अर्थाने थोड्याच ठिकाणी टेकतो, पालीची टोकं मात्र खडबडीत भिंतीच्या खाचाखोचांत जाऊन बसतात. 2000 साली अमेरिकेत जीवशास्त्रज्ञ केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी एका केसाचं बल मोजलं, सुमारे 200 मायक्रोन्यूटन (न्यूटन हे बलाचं एकक, मायक्रोन्यूटन त्याचा दहा लाखावा भाग). गुणिले 5 लाख म्हणजे 100 न्यूटन, एका पायावर दहा किलो! अर्थात सगळे केस एकाच वेळी कधीच टेकत नाहीत.

मग सुटते कशी? केस भिंतीशी साधारण 30 अंशांच्या कोनात आला की आपोआप सुटतो, म्हणून ती बोटं टोकाकडून वर वळवून सोलल्यासारखी उचलते, आणि हे सेकंदात कित्येकदा. आपल्याकडे सेलोटेप काढायचा म्हटला तर नख मोडतं.

बाय द वे, सगळ्याच पालींकडे ही सोय नसते. गोव्याच्या नावाची एक पाल आहे, नेमास्पिस गोआएन्सिस, 1976 साली नोंदवलेली, तिच्या बोटांना अशा केसाळ पट्ट्याच नाहीत, ती नखांवर चढते.

आता पंचांगातलं पल्लीपतन. उजव्या खांद्यावर पडली तर अमुक, डोक्यावर पडली तर तमुक. अहो, पाय पूर्ण ओले झाले की हीच पकड पार कमी होते, आणि त्यात ती किड्यावर झडप घालायला गेली तर घसरणारच! खाली तुम्ही बसलाय हे तिच्या गावीही नसतं. दुधात पडली तर विष होतं हेही खोटं, आपल्या घरातल्या पाली विषारी नसतात. दूध टाकून द्या ते तिच्या अंगावरच्या जंतूंमुळे, साल्मोनेला असू शकतो.

भाच्याला हे सगळं सांगितलं. इलेक्ट्रॉनपर्यंत आलो तेव्हा तो खिडकीशी होता, काचेला पाच बोटं लावून चिकटतात का बघत.