सिकलसेल असलेल्या मुलांसाठी फ्लूची लस: पात्रता, कागदपत्रे आणि कुठे विचारायचे

राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात फ्लूची लस नाही. त्यामुळे बीसीजी, पेंटाव्हॅलंटसारखी ती गावच्या लसीकरण सत्रात आपोआप मिळत नाही आणि आशाताई त्यासाठी घरी बोलवायला येत नाहीत. सिकलसेल (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलासाठी ती पालकांनाच मागावी लागते, आणि मागावीच. या मुलांची प्लीहा (जंतूंशी लढायला मदत करणारा पोटातला अवयव) लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे फ्लूवर न्यूमोनिया चढायला वेळ लागत नाही. त्यातून छातीत दुखून श्वास अडकला तर जिवावर बेतते.

पात्र कोण? सहा महिने पूर्ण झालेले, सिकलसेल आजार असलेले प्रत्येक मूल. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना जोखमीच्या मुलांना ही लस दरवर्षी द्यायला सांगते. इथे रिपोर्ट नीट वाचा. सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली एवढ्याने आजार ठरत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्ताच्या पक्क्या तपासणीच्या कागदावर ‘एसएस’ किंवा ‘सिकल-बीटा थॅलेसेमिया’ असेल तर मूल रुग्ण आहे, ‘एएस’ असेल तर फक्त वाहक. पक्की तपासणी झालीच नसेल तर आधी ती करून घ्या. सिकलसेल निर्मूलन अभियानात (सुरुवात 1 जुलै 2023) ती सरकारी दवाखान्यात होते.

सोबत न्यायचे कागद: तो रिपोर्ट, सिकलसेल कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड आणि चालू औषधांची चिठ्ठी. हायड्रॉक्सीयुरिया (सिकलसेलवरचे औषध) सुरू असेल तर डॉक्टरांना सांगा, पण त्यामुळे फ्लूचे इंजेक्शन अडत नाही. सगळ्याच्या झेरॉक्स एका पिशवीत कायम तयार ठेवा, ताप आल्यावर रात्री धावपळ करताना याच लागतात.

विचारणा आधी जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या सिकलसेल विभागात करा. तिथे साठा नसेल तर खासगी बालरोगतज्ज्ञांकडे लस विकत मिळते. खर्च झेपत नसेल तर धर्मादाय रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटा. तिथे वर्षाला 1 लाख 80 हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला निर्धन, तर 3 लाख 60 हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्याला दुर्बल घटक धरतात. रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला न्या. लस सवलतीत बसते का, हे आधीच विचारून घ्या.

वेळ महत्त्वाची. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, म्हणून एप्रिल-मे उत्तम. नऊ वर्षांखालील मुलाला पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, पुढे दरवर्षी एक. पहिला डोस जूनपर्यंत रेंगाळला तर दुसरा भर पावसात जातो. विषाणू बदलत राहतो, त्यामुळे गेल्या वर्षीची लस यंदा पुरत नाही. टोचण्याआधी बाटलीवरचे वर्ष आणि एक्सपायरी पाहा, आणि नोंद कार्डावर तारखेसह लिहून घ्या.

लशीनंतर एखादा दिवस कणकण येऊ शकते. पण ताप 101 अंश फॅरेनहाइटच्या वर गेला तर ‘लशीचा असेल’ म्हणून घरी थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अॅस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने देऊ नका.

घरातल्या बाकीच्यांनीही लस घेतली तर ताप घरात शिरण्याची वाट कमी होते, विशेषतः शाळेत जाणाऱ्या भावंडांनी.